जिभेला सुटलेला हुकूम

मेंदूत चिप बसवली की मनातलं सगळं पडद्यावर उमटतं, असं बऱ्याच जणांना वाटतं. वाचा गेलेल्या माणसांना बोलतं करणाऱ्या यंत्रांबद्दलचा हा सगळ्यात मोठा गैरसमज.

बोलताना मेंदू ओठ, जीभ, जबडा आणि स्वरयंत्राच्या स्नायूंना हुकूम सोडतो. एएलएस या आजारात हा हुकूम पोहोचवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. पण हुकूम सुटायचा थांबत नाही. मेंदूत बसवलेल्या चिपचे इलेक्ट्रोड टिपतात तो हा हुकूम, म्हणजे हालचालीचा प्रयत्न. सकाळी कशाची काळजी वाटली, शेजाऱ्याचा राग का आला, यातलं त्यांना काही कळत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस शाखेत २०२३ साली एएलएस झालेल्या ४५ वर्षांच्या एका गृहस्थांवर असे इलेक्ट्रोड बसवण्याची शस्त्रक्रिया झाली. बोलण्याच्या हालचाली ठरवणाऱ्या भागात २५६ इलेक्ट्रोड बसवले. पडद्यावर वाक्य दिसलं की ते म्हणण्याचा ते प्रयत्न करत. तोंडून निघे ते ऐकणाऱ्याला जेमतेमच कळायचं. संगणक मात्र त्या संकेतांवरून एकेक ध्वनी ओळखायचा, ध्वनींचे शब्द जुळवायचा आणि वाक्य मोठ्यानं वाचून दाखवायचा, तेही त्यांच्याच आवाजात, आजारापूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरून बेतलेल्या. पहिल्या दिवशी शब्दसंग्रह होता फक्त ५० शब्दांचा. पुढे तो सव्वा लाखावर नेला, आणि १०० पैकी ९७ शब्द बरोबर येऊ लागले. वेग मिनिटाला ३२ शब्दांच्या आसपास. गप्पांच्या मानानं हे संथच. पण घरच्यांशी बोलायला आसुसलेल्या माणसाला तेवढंही पुष्कळ.

मग मनातल्या मनात बोललेलं सुरक्षित आहे का? इथे मात्र 'निश्चिंत राहा' म्हणून मोकळं होता येत नाही. ओठ न हलवता मनात म्हटलेल्या वाक्यांचेही संकेत त्याच भागात, जरा क्षीण स्वरूपात, सापडतात, असं स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२५ मध्ये दाखवलं. सांगितलेली वाक्यं मनात म्हटली, तेव्हा त्यातली बरीचशी यंत्रानं ओळखली. त्यावरचा उपायही त्यांनीच करून पाहिला: ठरावीक परवलीचे शब्द मनात म्हटल्याशिवाय यंत्र ऐकायलाच लागत नाही. भीती अगदीच बिनबुडाची नव्हती, पण तिच्यावर तोडगा शोधणं चालू आहे.

'डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी घातली की झालं, कवटी कशाला उघडायची?' असंही कुणी विचारतं. टोपीतल्या इलेक्ट्रोडवरून अक्षरं निवडण्याची पद्धत १९८८ पासून आहे, पण ती फार संथ. कवटीबाहेरून ऐकणं म्हणजे भिंतीपलीकडच्या लग्नघराचा गोंगाट ऐकणं. गर्दी आहे हे समजतं, कोण काय म्हणालं ते नाही.

हे सगळं इलॉन मस्क यांच्या न्यूरालिंक कंपनीनं आणलं, असंही म्हणतात. न्यूरालिंकचा पहिला रुग्ण जानेवारी २०२४ मधला. अमेरिकेतल्या ब्रेनगेट गटानं मात्र हातपाय लुळे पडलेल्या एका तरुणाच्या मेंदूत २००४ मध्येच इलेक्ट्रोड बसवले होते, आणि तो हात हलवायचं नुसतं मनात आणून पडद्यावरचा बाण हलवत होता. एएलएस असलेले भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांचं नाव तर हमखास निघतं. त्यांच्या मेंदूत काहीही बसवलेलं नव्हतं. चष्म्यावरचा संवेदक त्यांच्या गालाचा स्नायू हलला की ते टिपायचा, बस्स.

अशी शस्त्रक्रिया करून बोलतं करणं अजून प्रयोगाच्या टप्प्यावर आहे. 'दवाखान्यात पैसे भरले की काम झालं' असं कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. एएलएसचं निदान झालेल्या माणसाच्या घरी आजच करण्याजोगं मात्र बरंच आहे. वाचा शाबूत आहे तोवर त्याचा मराठी बोलतानाचा आवाज भरपूर ध्वनिमुद्रित करून ठेवावा. पुठ्ठ्यावर अक्षरांचा तक्ता करावा: व्यंजनं ओळीओळीनं, काना-मात्रा-वेलांटी वेगळ्या ओळीत. आधी ओळ विचारायची, मग अक्षर. पापणी मिटली की 'हो'. 'दुखतंय', 'तहान लागली', 'कूस बदला' हे शब्द मात्र तक्त्यावर अख्खेच लिहावेत.