डोंगर घरचा, भट्टी परक्याची

बोलिव्हियातल्या पोतोसी शहरात खाणकामगारांचा एक बाजार आहे. कोकाच्या वाळल्या पानांच्या पिशव्या, ९६ टक्के अल्कोहोलच्या बाटल्या, सिगारेटी आणि डायनामाइटच्या कांड्या तिथे एकाच दुकानात मिळतात. डायनामाइट सोडलं तर बाकीच्या मालातला थोडा वाटा ‘तिओ’साठी बाजूला काढायचा असतो. तिओ म्हणजे खाणीच्या अंधारात बसवलेला, शिंगं असलेला मातीचा देव. जमिनीवर येशू आणि मेरी. जमिनीखाली राज्य याचं. मंगळवारी आणि शुक्रवारी कामगार त्याच्या तोंडात पेटती सिगारेट ठेवतात, अंगावर कोकाची पानं उधळतात, पुढ्यात दारू शिंपडतात आणि मग कामाला लागतात.

शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ४,००० मीटर उंचीवर आणि त्याच्या डोक्यावर सेरो रिको हा डोंगर. १५४५ मध्ये इथल्या चांदीचा सुगावा स्पॅनिशांना लागला. दिएगो वाल्पा नावाच्या स्थानिक माणसाला ती प्रथम सापडली, असं सांगतात. पुढची पंचवीसेक वर्षं मात्र फारशी कुणाच्या लक्षात राहिलेली नाहीत. तेव्हा इथलं खनिज वितळवायची विद्या स्पॅनिशांकडे नव्हतीच. ती होती तिथल्या मूळ रहिवाशांकडे. डोंगरउतारावर मातीच्या छोट्या, भोकं पाडलेल्या भट्ट्या ते मांडत आणि अँडीजचा बोचरा वारा भात्याचं काम करी. खाण स्पॅनिशांची, पण चांदी हातात यायची ती या भट्टीवाल्यांच्या मर्जीने. साहजिकच नफ्यात त्यांचा वाटाही चांगला होता.

वरच्या थरातलं कसदार खनिज संपलं आणि हे चित्र पालटलं. १५७२ च्या सुमारास व्हाइसरॉय फ्रान्सिस्को दे तोलेदोने दोन गोष्टी केल्या. पेरूमधल्या वांकावेलिकाच्या खाणीतला पारा आणून हलक्या खनिजातून चांदी वेगळी काढायची पद्धत रुजवली. आणि ‘मिता’ ही इंका काळातली वेठीची चाल स्वतःच्या सोयीने वाकवली. सोळा प्रांतांतल्या साधारण सातातल्या एका पुरुषाने वर्षभर पोतोसीला राबायचं, असा हुकूम निघाला. दरसाल तेरा हजारांच्या आसपास माणसं बायकापोरं आणि लामांचे कळप घेऊन, कुणी कुणी तर महिना-दोन महिने चालून, इथे येत. मजुरी मिळे, पण तिच्यात पोट भरत नसे. म्हणून विश्रांतीच्या आठवड्यांतही तीच माणसं रोजंदारीवर पुन्हा त्याच खाणीत उतरत. खनिज कुटायच्या गिरण्या पाण्यावर चालाव्यात म्हणून डोंगरात तलाव बांधले गेले. त्यातल्या एकाचा बांध १६२६ मध्ये फुटला आणि शहराचा मोठा भाग वाहून गेला. पारा आणि गिरण्या घ्यायला भांडवल लागे, ते मूळ रहिवाशांकडे कुठून असणार? वाऱ्यावरच्या भट्ट्या विझल्या त्या अशा.

सतराव्या शतकाच्या आरंभी इथली वस्ती दीड लाखाच्या वर गेली होती. धड पीक येत नाही अशा जागी मका, दारू, कोका, कापड, झाडून सगळं खेचरांच्या आणि लामांच्या पाठीवरून येई. निघालेल्या चांदीचा पाचवा हिस्सा राजाचा. एवढं असूनही दुसऱ्या फिलिपच्या कारकिर्दीत स्पेनच्या खजिन्याने एकदा नव्हे, अनेकदा हात वर केले. युद्धांपायी काढलेल्या कर्जात चांदी सावकारांच्या घरी जात होती.

तिथून ती आणखी पूर्वेला यायची. मसाले आणि सुती कापडाच्या बदल्यात युरोपीय व्यापाऱ्यांपाशी द्यायला दुसरं फारसं काही नव्हतं. सुरतेच्या बंदरात उतरलेले स्पॅनिश रियाल मुघल टांकसाळीत वितळत आणि रुपये होऊन बाहेर पडत. १६६४ मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, तेव्हा राजगडाच्या वाटेला लागलेल्या चांदीत अमेरिकेतल्या खाणींचा अंश नसेल, असं म्हणणं धाडसाचं ठरेल.

१८२५ मध्ये देश स्वतंत्र झाला आणि त्याने सिमोन बोलिव्हारचं नाव घेतलं. १८७९ मध्ये सुरू झालेल्या युद्धात चिलीने किनारा बळकावला. तेव्हापासून बोलिव्हियाला समुद्र नाही. नौदल मात्र आहे!

विसाव्या शतकात चांदीची जागा कथिलाने घेतली. सिमोन पातिन्यो या कोचाबांबाकडच्या साध्या घरातल्या माणसाला १९०० च्या सुमारास ला साल्वादोरा खाणीत कथिलाची जबरदस्त शीर लागली आणि काही वर्षांतच त्याची गणना जगातल्या धनाढ्यांत होऊ लागली. खाण एवढंच काही त्याच्या श्रीमंतीचं गमक नव्हतं. लिव्हरपूलजवळची विल्यम्स हार्वी ही कथिल वितळवणारी भट्टी त्याच्या कह्यात आली आणि कंपनीची नोंदणी त्याने अमेरिकेतल्या डेलावेअरमध्ये केली. हृदयविकारामुळे डॉक्टरांनी उंचीवर राहायला मनाई केल्यानंतर तो स्वतःही परदेशातच राहिला.

९ एप्रिल १९५२ ला क्रांती झाली. ऑक्टोबरमध्ये पातिन्यो, होखशिल्ड आणि आरामायो या तिन्ही बड्यांच्या खाणी सरकारने ताब्यात घेतल्या. गावोगाव जल्लोष झाला. पण नव्या सरकारी कंपनीचं खनिज जाणार कुठे? देशात मोठी भट्टीच नव्हती, तेव्हा ते पुन्हा लिव्हरपूललाच. ज्यांची खाण काढून घेतली त्यांच्याच दारात माल न्यायचा! ओरुरोजवळ विंतो इथे स्वतःची भट्टी पेटायला १९७१ उजाडलं. आणि १९८५ च्या ऑक्टोबरात कथिलाचा जागतिक भाव सांभाळणारी परिषद दिवाळखोर झाली, भाव कोसळला. महागाईने आधीच जेरीस आलेल्या सरकारने वीस हजारांहून अधिक खाणकामगारांना घरी बसवलं. कुणी एल आल्तोच्या माळावर झोपड्या घातल्या, कुणी चापारेच्या जंगलात जाऊन कोका लावला.

सेरो रिको अजून खणला जातोच आहे. आता सहकारी संस्थांचे सभासद जस्त, शिसं आणि उरलीसुरली चांदी काढतात. सहकार म्हटला की मराठी माणसाला साखर कारखाना आठवतो. इथे बहुतेक जण आपापल्या छोट्या टोळीत, आपल्या जबाबदारीवर खणतात आणि रोजंदारीवरच्या गड्याला त्या सभासदत्वाचा काहीही उपयोग नसतो. पावणेपाच शतकांच्या पोखरणीने डोंगराचा माथा खचू लागला आहे; २०१४ मध्ये युनेस्कोने शहर धोक्यातल्या वारशाच्या यादीत टाकलं. जस्ताचं खनिज आजही परदेशी भट्ट्यांकडेच जातं.

याच पोतोसी विभागात दहा हजार चौरस किलोमीटरहून मोठा उयुनीचा मिठाचा पसारा आहे आणि त्याच्या खाऱ्या पाण्यात लिथियम. जगातला सर्वांत मोठा साठा बोलिव्हियाकडे असल्याचे अंदाज आहेत. या खेपेला सरकारने हट्ट धरला, की नुसतं मीठ विकायचं नाही, बॅटरीपर्यंतचं काम देशातच करायचं. हट्ट रास्त आहे. पण या पाण्यात मॅग्नेशियम भरपूर आणि पावसामुळे बाष्पीभवन रेंगाळतं, त्यामुळे चिलीच्या आताकामासारखं हे काम सोपं नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वर्षाला १५,००० टन क्षमतेचा सरकारी कारखाना सुरू झाला, प्रत्यक्षात उत्पादन त्याच्या जवळपासही गेलं नाही. त्याआधी एका जर्मन कंपनीशी झालेला करार २०१९ मध्ये रद्द करावा लागला, तो पोतोसीकर रस्त्यावर उतरल्यामुळे. त्यांचं भांडण ला पाझमधल्या आपल्याच सरकारशी होतं, आणि त्यातली एक मागणी अशी, की विभागाच्या वाट्याला येणारी ३ टक्के रॉयल्टी वाढवा.