टाकीत पडलेल्याला वाचवायला गेलेलाच का दगावतो? खाली उतरण्याआधी हे वाचा

९ एप्रिल २०२४. गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाची स्लरी सोडलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, तो वर आलाच नाही. त्याला काढायला दुसरा गेला, मग तिसरा. असे सहा जण उतरले आणि पाच जण गेले. जो एक वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता.

ती विहीर गावातली होती, म्हणून गोष्ट घरोघरी पोचली. पण आपल्या भागातली पोरं साखर कारखान्यात, स्टील कंपनीत, एमआयडीसीतल्या केमिकल प्लांटमध्ये कंत्राटदाराकडे कामाला जातात. तिथं अशा ‘विहिरी’ जागोजागी असतात. मोलॅसिसची टाकी, सांडपाण्याची टाकी, बॉयलरचा ड्रम, गॅसची मोठी पाइपलाइन, जमिनीखालचं पंप हाऊस. साफसफाईला किंवा वेल्डिंगला आत उतरायचं काम बहुतेक वेळा कंत्राटी माणसाच्याच वाट्याला येतं.

आत नेमकं काय होतं?

आपण श्वासात घेतो त्या हवेत साधारण २१ टक्के ऑक्सिजन असतो. तो १९.५ टक्क्यांच्या खाली गेला की जागा धोक्याची धरतात. फारच कमी झाला तर माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. ओरडायलाही वेळ मिळत नाही. पोहणं येतं, अंगात ताकद आहे, याचा तिथं काही उपयोग नसतो.

ऑक्सिजन कमी व्हायला विषारी वायूच लागतो असं नाही. बरेच दिवस बंद असलेली लोखंडी टाकी गंजते, आणि तो गंजच आतला ऑक्सिजन खातो. टाकी रिकामी, कोरडी, स्वच्छ दिसते. तरी आत उतरलेला पडतो.

दुसरा धोका वायूचा. मोलॅसिस आंबलं की कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी साचतो. सांडपाण्यात आणि शेणात हायड्रोजन सल्फाइड होतो, कुजक्या अंड्याच्या वासाचा. पण तो जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. “वास गेला, आता उतरा” असं कुणी म्हणालं तर लगेच विश्वास ठेवू नका.

तिसरा कार्बन मोनॉक्साइड. स्टील प्लांटच्या भट्टीच्या गॅसमध्ये तो भरपूर असतो. त्याला ना रंग, ना वास. १२ जून २०१४ ला भिलाई पोलाद कारखान्याच्या पंप हाऊसमध्ये पाण्याचा दाब कमी झाला आणि भट्टीचा गॅस उलटा आला. सहा जण गेले. त्यात दोन उपमहाव्यवस्थापक होते. म्हणजे अनुभवी अधिकाऱ्यांनाही हा वायू ओळखू आला नाही. ६ जानेवारी २०२१ ला राउरकेला पोलाद कारखान्यात विषारी वायूनं चार जण गेले. ते चौघंही कंत्राटी कामगार होते.

वाचवणाराच का जातो?

अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार सुरक्षा संस्थेनं १९८६ मध्येच सांगून ठेवलंय की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंत ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. कारण साधं आहे. पहिला ज्या हवेत पडला, तीच हवा दुसऱ्याची वाट बघत असते. वरून बघणाऱ्याला वाटतं, पाय घसरला असेल, चक्कर आली असेल. भाऊ असतो, जोडीदार असतो, राहवत नाही. अन् माणूस उडी टाकतो.

रुमाल, कंदील, ऑक्सिजनची नळी: तीन गैरसमज

- तोंडाला ओला रुमाल किंवा धुळीचा मास्क: धूळ अडते, पण ऑक्सिजन तयार होत नाही. इथं उपयोग शून्य.
- कंदील किंवा मेणबत्ती सोडून बघणं: विषारी वायू असला तरी ज्योत जळत राहू शकते. आणि आत मिथेन असेल तर स्फोट होतो.
- वेल्डिंगच्या सिलिंडरमधून ऑक्सिजन सोडणं: एक ठिणगी पडली तरी अंगावरचे कपडे भडकतात. हवा खेळवायची ती ब्लोअरनंच.

उतरण्याआधी या पाच गोष्टी मागा

१. लेखी परवाना. आतली हवा तपासून जाणकार माणसानं सही केलेला कागद. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३६ मध्येच ही अट होती.
२. मीटरनं तपासणी. वर, मध्ये आणि तळाला, तिन्ही ठिकाणी. काम चालू असतानाही पुन्हा पुन्हा.
३. पाइप बंद. नुसता व्हॉल्व्ह फिरवून भागत नाही. व्हॉल्व्ह गळतो, म्हणून पाइपमध्ये पत्र्याची आडवी चकती टाकून घ्या.
४. पट्टा आणि दोर. दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात हवं, आणि त्या माणसाला दुसरं काम द्यायचं नाही.
५. आत न्यायचा हातदिवा २४ व्होल्टच्या आतला.

मुकादम म्हणेल, “पाच मिनिटांचं काम आहे, कशाला एवढं?” लक्षात ठेवा, जीव जायला पाच मिनिटंही लागत नाहीत. नव्या कामगार संहितांमध्येही जिवाला धोका वाटला तर मालकाला आणि सरकारी निरीक्षकाला कळवायचा हक्क कामगाराला दिलाय. आपल्या राज्यात हे काम औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे आहे.

कुणी पडलाच तर

उतरू नका. आधी आरडाओरडा करून माणसं जमवा. ११२, १०१ किंवा १०८ ला फोन लावा. दोर बांधलेला असेल तर बाहेरूनच ओढा. ब्लोअर असेल तर त्याची नळी आत सोडा. पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडाला पूर्ण मास्क असलेला, शिकलेला माणूसच खाली जाईल. थांबणं म्हणजे भित्रेपणा नाही. तुम्ही वर थांबलात तरच दोर ओढायला कुणी तरी उरेल.

घरच्यांसाठी एक गोष्ट

अपघातानंतर बऱ्याचदा सांगितलं जातं, “तो स्वतःच्या मनानं उतरला, कंपनीचा दोष नाही.” हे ऐकून गप्प बसू नका. कामावर असताना मृत्यू झाला, तर कामगाराची चूक होती एवढ्या कारणावरून भरपाई नाकारता येत नाही. माणूस कंत्राटदाराचा असला तरी मूळ कंपनीची जबाबदारी सुटत नाही. भरपाईची रक्कम घरच्यांच्या हातात परस्पर न देता सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करायची, हा नियम १९२३ च्या कायद्यापासून चालत आलाय. ईएसआय कापला जात असेल तर वारसांना दरमहा रक्कम मिळते. म्हणून दुःखाच्या घाईत कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

तुमच्या घरातलं कुणी कारखान्यात कामाला असेल तर आज रात्री जेवताना त्याला एवढंच विचारा: “टाकीत उतरतोस तेव्हा तुझा दोर कोण धरतो?” त्याच्याकडे उत्तर नसेल, तर उद्या त्यानं उतरायचं नाही.