मधुमेह आणि रक्तातील तांबड्या पेशी

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे मूळ गाव आंबडवे आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात आहे. १९५६ साली महापरिनिर्वाण होण्यापूर्वी कित्येक वर्षे ते मधुमेहाने त्रस्त होते. हा रोग रक्तात नेमके काय करतो, हे समाजबांधवांनी व विद्यार्थ्यांनी जाणून घ्यावे, म्हणून हा लेखप्रपंच.

तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. तिचे आवरण स्निग्ध पदार्थांच्या दुहेरी थराचे असून त्याला आतून स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाच्या जाळीचा आधार असतो. त्यामुळे ती लवचिक राहते आणि स्वतःहून अरुंद असलेल्या केशवाहिनीतूनही अंग दुमडून पार होते.

या पेशीत साखर शिरण्यास इन्सुलिन लागत नाही. रक्तात साखर वाढली की पेशीतही वाढते आणि हिमोग्लोबिनला व आवरणातील प्रथिनांना चिकटते. आवरण ताठर होते, पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटू लागते. तांबड्या पेशीत केंद्रक नसल्याने नवी प्रथिने तयार होत नाहीत. झालेली हानी मरेपर्यंत तिच्यासोबत राहते. मधुमेहात रक्तवाहिन्यांच्या भिंतीही बिघडतात. अशा वाहिन्यांतून ताठर पेशी नीट सरकत नाहीत. डोळा, मूत्रपिंड व पाय यांच्या हानीला याचाही हातभार लागतो.

हिमोग्लोबिनला चिकटलेली साखर मोजणारी तपासणी म्हणजे एचबीए१सी. तपासणीच्या आदल्या दिवशी गोड बंद केले, तर उपाशीपोटीची साखर कमी दिसू शकते. पण गेल्या दोन-तीन महिन्यांचा हिशेब पेशी लपवत नाही. ५.७ टक्क्यांखाली प्रमाण सामान्य, ६.५ किंवा त्याहून अधिक आल्यास मधुमेह समजतात. मात्र रक्तक्षय, सिकलसेल किंवा नुकतेच रक्त दिलेले असल्यास हा आकडा फसवा ठरू शकतो. विदर्भातील आपल्या बांधवांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. अशांनी डॉक्टरांना ते आधी सांगावे.

आमचे कळकळीचे सांगणे एवढेच, की शिबिरापुरती साखर कमी दाखवून कोणाचेही भले होत नाही. भात बेताने खावा, रोज चालावे, औषध मनाने बंद करू नये. शेतात अनवाणी राबणाऱ्यांनी रात्री पाय नीट पाहावेत. साखर आटोक्यात आली, तर जुन्या पेशी जाऊन तीन-चार महिन्यांत तुलनेने निरोगी पेशींचे रक्त अंगात खेळू लागते. सुधारण्याची ही संधी निसर्ग प्रत्येकाला देतो. ती आपण दवडू नये.