नान : नदी विणणारा प्रांत

थायलंड म्हटले की बँकॉकचे बाजार आणि फुकेतचे समुद्रकिनारे डोळ्यांसमोर येतात. परंतु उत्तरेस, लाओसच्या सीमेलगत, डोंगरांच्या कुशीत वसलेला नान प्रांत शांत प्रवासाची आवड असणाऱ्यांना वेगळाच आनंद देतो.

नान नगरीतील वात फूमिन हे 1596 मध्ये स्थापन झालेले बौद्ध मंदिर. त्याची रचना क्रूसाकार असून मध्यभागी चार बुद्धमूर्ती पाठीला पाठ लावून चार दिशांकडे पाहतात. एकोणिसाव्या शतकातील भित्तिचित्रांत जातककथेबरोबरच त्या काळचे लोकजीवनही रंगविले आहे. चित्रांतील स्त्रियांनी नेसलेले नक्षीदार 'फा सिन' आजही येथील मागांवर विणले जाते. ताय लू समाजाच्या नोंग बुआ गावातील सुती वस्त्रांवर 'लाय नाम लाय', म्हणजे 'वाहते पाणी', ही पायऱ्यापायऱ्यांची नक्षी उमटते.

ते पाणी काल्पनिक नव्हे. येथील डोंगरांत उगम पावणारी नान नदी पुढे नाखोन सावन येथे पिंग नदीला मिळते आणि त्या संगमातून बँकॉकची चाओ फ्राया जन्मते. दुर्दैवाने, पशुखाद्यासाठी लागणाऱ्या मक्याच्या लागवडीपायी प्रांतातील अनेक डोंगर उघडेबोडके झाले आहेत. दूरच्या ताटातील मांसाची किंमत येथील वृक्षांनी मोजली आहे.

यावर येथे एक हृद्य उपाय योजला गेला. 1990 च्या दशकारंभी भिक्षू फ्रा ख्रू पितक यांनी वृक्षांना भगवी चीवरे गुंडाळून त्यांना जणू दीक्षाच दिली. चीवर ल्यालेल्या वृक्षावर कुऱ्हाड चालविण्यास श्रद्धावंताचा हात धजत नाही. कायद्याला जे अवघड जाते, ते कधी कधी करुणेला साधते.

दोई फू खा राष्ट्रीय उद्यानात फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास 'चोम्फू फू खा' हा दुर्मीळ वृक्ष गुलाबी फुलांनी बहरतो. त्यापुढील बो क्लुआ गावी विहिरीतील खारे पाणी चुलीवर आटवून मीठ काढतात. समुद्र मात्र शेकडो किलोमीटर दूर!

भोजनाविषयी एक सूचना. पिवळ्या फलकावर लाल अक्षरांत 'जे' लिहिलेले उपाहारगृह शोधावे. 'जे' आहारात मांस, मासे, अंडी यांबरोबर कांदा-लसूणही वर्ज्य असतो. कंदमुळे मात्र चालतात; म्हणून ती पाळणाऱ्यांनी आधी विचारून घ्यावे.

नानहून एखादे सुती वस्त्र अवश्य आणावे. त्यावरील पाणी वाहते राहायचे, तर डोंगरावरील वृक्ष उभे राहिले पाहिजेत.