आवळलेला बोल्ट दुसऱ्या दिवशी का तुटतो?

पिरनवाडीतल्या अनेक घरांची घड्याळं उद्यमबागेच्या शिफ्टवर चालतात. कुणी फौंड्रीत, कुणी सीएनसीवर, कुणी वेल्डिंगला, तर कुणी प्लेटिंगच्या शॉपमध्ये. त्यामुळे आपल्या मंडळाच्या बैठकीत नाटकाच्या तालमीचा विषय बाजूला पडून तुटलेल्या बोल्टवर चर्चा रंगली, तर त्यात नवल नाही. मागच्या बैठकीत तेच झालं. एका सभासदाच्या युनिटमधून झिंक प्लेटिंग करून गेलेले १२.९ ग्रेडचे ॲलन बोल्ट परत आले होते. आवळताना काही झालं नाही, मापात पास, दिसायला चकचकीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र चार बोल्टांपैकी एकाचं डोकं मशीनखाली पडलेलं. माल हलका असेल, आवळणाऱ्याने जादा जोर लावला असेल, अशी मतं पडली. आमच्यातल्या जुन्या माणसांनी एकच प्रश्न विचारला : "बेकिंग केलं होतं काय?"

तरुण सभासदांना हा प्रश्न कळला नाही, म्हणून हा लेख.

प्लेटिंगपूर्वी बोल्टवरचा गंज आणि काळा थर काढायला तो ॲसिडात बुडवतात. ॲसिड आणि लोखंड भेटलं की हायड्रोजन तयार होतो. टाकीत वर येणारे बुडबुडे म्हणजे तोच. पुढे प्लेटिंगच्या टाकीत वीज सुरू झाली की झिंकबरोबर पुन्हा थोडा हायड्रोजन बोल्टवर सुटतो. बहुतेक अणू जोडीने एकत्र येऊन वायू होतात आणि उडून जातात. काही मात्र जोडी जमण्याआधीच, एकेकटे, पोलादात शिरतात. हायड्रोजनचा अणू सगळ्यांत लहान. लोखंडाच्या अणूंच्या रांगांमधून तो साध्या हवामानातही सहज फिरतो.

फिरत फिरत तो जातो कुठे? जिथे ताण जास्त, तिथे. बोल्टच्या बाबतीत आट्यांच्या तळाशी आणि डोक्याखालच्या कोपऱ्यात. तिथे जमला की तो लोखंडाच्या अणूंची एकमेकांवरची पकड सैल करतो, असं एक मत आहे. दुसरं मत असं, की धातूच्या रचनेत ज्या रेषांवर थर घसरतात त्या रेषा तो मोकळ्या करतो आणि सगळी घसरण एकाच जागी होते. शास्त्रज्ञांचा यावरचा वाद जुना आहे. आम्हाला वाटतं दोन्ही थोडं थोडं खरं असावं, कारण तुटलेले तुकडेही सगळे एकसारखे दिसत नाहीत. परिणाम एकच. बारीक भेग पडते, तिच्या टोकाशी आणखी हायड्रोजन येतो, भेग पुढे सरकते. या प्रवासाला वेळ लागतो, म्हणूनच बोल्ट आवळताना तुटत नाही. तो काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी तुटतो. अतिमजबूत पोलादात वजनाने दहा लाख भागांत एक-दोन भाग हायड्रोजनही यासाठी पुरतो.

ही गोष्ट नवी नाही. १८७५ साली इंग्लंडमध्ये डब्ल्यू. एच. जॉन्सन यांनी ॲसिडात बुडवलेली लोखंडी तार वाकवून पाहिली. ती चिवटपणा सोडून पटकन मोडली. मोडलेल्या जागी ओल लावली तर बारीक फेस आला. तीच तार काही काळ ठेवली किंवा गरम केली, की चिवटपणा परत येई. बेकिंगची सगळी कल्पना या निरीक्षणात आहे.

इथे एक उलटी गंमत आहे. साधं, मऊ पोलाद या दुखण्यातून बहुतेक वाचतं. ताण आला की ते थोडं वाकतं, ताण पसरतो. ८.८ ग्रेडच्या बोल्टला सहसा धोका नसतो. १०.९ ला सांभाळावं लागतं आणि १२.९ तर सगळ्यांत नाजूक, म्हणजे जो सगळ्यांत मजबूत तोच. लोहाराकडे कोयत्याला पाणी जास्त झालं तर धार तुकड्याने उडते, हे आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. कडकपणा वाढवला की चिवटपणा कमी होतो, आणि हायड्रोजन नेमका तिथेच बोट घालतो.

उपाय ओव्हनचा. टाकीतून निघाल्यावर चार तासांच्या आत बोल्ट ओव्हनमध्ये जायला हवेत. साधारण १९० ते २२० अंश सेल्सिअसला, ग्रेडप्रमाणे ८ तास ते पूर्ण दिवस. विमानांच्या भागांना २३ तासांची जुनी पद्धत आहे. या उष्णतेत हायड्रोजन बाहेर निघतो किंवा निरुपद्रवी जागी अडकून बसतो. उशीर केला आणि आत भेग पडली, तर मग कितीही भाजा, भेग बुजत नाही.

अडचण पैशाची आणि वेळेची आहे, हे उघड बोललं पाहिजे. झिंकवरचं पिवळं पॅसिव्हेशन उष्णतेने खराब होतं, म्हणून आधी बेकिंग आणि नंतर पॅसिव्हेशन असा क्रम लागतो. म्हणजे माल लाइनवरून काढा, ओव्हनमध्ये घाला, परत लाइनवर आणा. गाडी दारात उभी असताना हे आठ तास कुणालाही नको असतात. आणि भाजलेला बोल्ट न भाजलेल्या बोल्टशेजारी ठेवला तर डोळ्यांनी फरक कळत नाही. कळतो तो बोल्ट कसून आवळून ४८ तास ठेवल्यावर.

वेल्डिंगवाल्यांची गोष्टही हीच. ७०१८ रॉडला लो-हायड्रोजन म्हणतात आणि तो ओव्हनमधून काढून वापरतात. आपल्याकडे जूनपासून जो पाऊस लागतो, त्यात उघडा पाकीट ठेवला तर रॉडवरचा लेप ओल धरतो. त्या ओलीतला हायड्रोजन जोडात जातो आणि जोडालगत भेग पडते, तीही उशिरा. म्हणून महत्त्वाच्या कामाची तपासणी दोन दिवस थांबून करतात. फौंड्रीवाल्यांनी मात्र ॲल्युमिनियमच्या ओतकामातले पिनहोल आणि हे दुखणं एक समजू नये. हायड्रोजन दोन्हीकडे आहे, पण पिनहोल म्हणजे धातू गोठताना अडकलेला वायू. तो दिसतो. हा दिसत नाही.

मोठ्या देशांनाही हे चुकलेलं नाही. मार्च २०१३ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को-ओकलंड पुलावर भूकंपापासून बचावासाठी बसवलेले तीन इंच जाडीचे ९६ रॉड आवळल्यावर काही दिवसांत त्यांतले ३२ तुटले. ते जस्त चढवलेले, फार मजबूत आणि कित्येक वर्षं पाणी साचलेल्या खड्ड्यांत उभे होते. पूल अजून वाहतुकीला खुला झाला नव्हता, एवढं बरं.

संशोधकांची नवी वाट अशी, की हायड्रोजन बाहेर काढता येत नसेल तर त्याला आत कोंडा. पोलादात निओबियम, व्हॅनेडियम किंवा टायटॅनियमचे कार्बाइडचे अतिसूक्ष्म कण तयार करतात. आकार काही नॅनोमीटर, आणि एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. हे कण हायड्रोजनला पकडून ठेवतात, त्यामुळे तो ताणाच्या जागी पोचत नाही. २०२० साली सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी निओबियम कार्बाइडच्या कणाशी अडकलेले अणू प्रत्यक्ष टिपले. साधा हायड्रोजन यंत्रातलाही असू शकतो म्हणून त्यांनी त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम वापरला.

भारत सरकारने जानेवारी २०२३ मध्ये हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलं. २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हे लक्ष्य आहे. त्या हायड्रोजनला नळ्या, झडपा, टाक्या आणि बोल्ट लागतील. ही कामं उद्यमबागेत आली तर ड्रॉइंगवर हाच प्रश्न आणखी कडक भाषेत लिहिलेला असेल. आपल्या शेजारी मच्छेला विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, उद्यमबागेतच गोगटे इन्स्टिट्यूट आहे. अभियांत्रिकीला असलेल्या आपल्या मुलांनी प्रोजेक्टसाठी विषय शोधताना एकदा प्लेटिंग शॉपमध्ये डोकावावं.

त्या सभासदाने आता जॉब कार्डावर दोन रकाने वाढवले आहेत : माल टाकीतून निघाल्याची वेळ, आणि ओव्हनमध्ये गेल्याची वेळ.