धाडण्याआधीचे हादरे

बार्शी लाइट रेल्वेची गाडी बार्शीला येण्याआधी इंग्लंडात धावली होती. एव्हरार्ड कॅल्थ्रॉप या इंजिनिअरने लीड्सजवळ न्यूले इथे मुद्दाम अडीच फुटी रूळ टाकून घेतले, त्यांवर आपली गाडी चालवून दाखवली आणि मगच ती जहाजावर चढवली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, हे त्याचं गणित. ते रुळावर खरं ठरतं का, हे आधी बघायचं होतं. १८९७ मध्ये ही गाडी कुर्डुवाडी-बार्शी मार्गावर सुरू झाली. तरी तिथे काही बिघडलं असतं, तर हातात पाना घेऊन जाणारा माणूस तिथवर पोचू शकत होता.

पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर पाना पोचत नाही. पुण्याच्या ‘आयुका’ने इस्रोच्या आणि इतर संस्थांच्या साथीने घडवलेली ‘सूट’ ही सौर दुर्बीण तिथे आहे. आदित्य-एल१ यानावरून ती सूर्याचं पूर्ण बिंब २०० ते ४०० नॅनोमीटरच्या अतिनील किरणांत टिपते. हे किरण वातावरणात, मुख्यतः ओझोनच्या थरात, बरेचसे अडतात. म्हणून दुर्बीण वर न्यावी लागली. अकरा फिल्टर, ते फिरवणारी दोन चाकं, आरसे, कॅमेरा, पुढचं दार. यातलं काहीही अडकलं तर सोडवायला कुणी जाणार नाही. म्हणून जे काही मोडायचं, सुटायचं, अडकायचं असेल, ते जमिनीवरच व्हायला हवं.

अशा उपकरणाची पहिली मोठी कसोटी शेकर टेबलावर होते. ध्वनिक्षेपकात विजेच्या प्रवाहाने पडदा हलतो, त्याच तत्त्वावर इथे भक्कम धातूचं टेबल हलतं. दुर्बीण त्या टेबलावरच्या पकडीला, म्हणजे फिक्स्चरला, बोल्टांनी आवळतात. प्रत्येक बोल्ट किती आवळायचा हे ठरलेलं असतं आणि त्याची नोंद होते. मग जागोजागी बोटाच्या पेराहूनही लहान, हादरे मोजणारे अ‍ॅक्सलरोमीटर चिकटवतात. आरशाच्या बैठकीजवळ एक, फिल्टरच्या चाकाजवळ एक, कॅमेऱ्यापाशी एक. प्रत्येकातून बारीक वायर निघते आणि ती स्वतः थरथरू नये म्हणून टेपने बसवलेली असते.

सुरुवात अगदी हलक्या हाताने होते. सेकंदाला पाच कंपनांपासून हळूहळू वर जात टेबल हलवतात आणि कुठला भाग कुठल्या वारंवारितेला जास्त डोलतो याचा आलेख काढतात. प्रत्येक वस्तूची स्वतःची एक लय असते. बाहेरचा हादरा त्याच लयीत आला की डोलणं कैक पटींनी वाढतं. हा आलेख हाती आला की खरी परीक्षा. ठरावीक लयीचे हादरे, मग २० ते २००० हर्ट्झमधली सगळी कंपनं एकदम, एकेका मिनिटापुरती, पण रॉकेटच्या खडखडाटाइतकी किंवा त्याहून वरचढ. उभ्या दिशेने, मग दोन्ही आडव्या दिशांनी.

आणि नंतर पुन्हा तीच हलकी फेरी. मला या सगळ्या प्रक्रियेतला हा क्षण सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आधीचा आणि नंतरचा आलेख एकावर एक ठेवतात. शिखरं जागच्या जागी असतील तर ठीक. एखादं शिखर सरकलं असेल तर आत काहीतरी ढिलं झालंय, तडकलंय किंवा घसरलंय, मग बाहेरून दुर्बीण कितीही धडधाकट दिसो.

डिसेंबर २०१६ मध्ये अमेरिकेत गोडार्ड केंद्रात जेम्स वेब दुर्बिणीच्या कंपन चाचणीत अशीच अनपेक्षित हालचाल दिसली आणि काम थांबलं. घडी केलेला आरशाचा पंख धरून ठेवणाऱ्या पकडी अतिशय सूक्ष्म सरकत होत्या. कारण सापडल्यावरच, जानेवारीत, पुढची चाचणी झाली. २०१८ मध्ये प्रचंड आवाजाच्या चाचणीनंतर तिच्या सूर्यपडद्याच्या आवरणाचे काही स्क्रू आणि वॉशर निघून पडलेले आढळले. लोकांनी तेव्हा उशिराबद्दल बोल लावला. माझ्या मते तो पैसा आणि वेळ सत्कारणीच लागला. निसटलेला स्क्रू जमिनीवर सापडला, म्हणजे चाचणीने आपलं काम चोख केलं.

दुसरी कसोटी थर्मोव्हॅकची. पोलादी टाकीत उपकरण ठेवून हवा उपसतात. भिंतींतून द्रव नायट्रोजन फिरवून गारठा आणतात, हीटर लावून ताप देतात. निर्वातात हवा नाही, म्हणून वाऱ्याने काही निवत नाही. उष्णता एकतर धातूतून वाहते, नाहीतर किरणांनी बाहेर पडते. ‘सूट’चा प्रश्न आणखी अवघड. तोंड कायम सूर्याकडे, आणि आतला कॅमेरा मात्र उणे पन्नास अंशांच्याही खाली थंड हवा. त्यासाठी पुढचा फिल्टर सूर्याचा जवळजवळ सगळा प्रकाश बाहेरच थोपवतो. कागदावरचं तापमानाचं गणित आणि टाकीतला थर्मामीटर यांचा मेळ बसेपर्यंत चैन नसते. गरम टोकाला थांबायचं, थंड टोकाला थांबायचं, दोन्हीकडे उपकरण चालवून बघायचं. एकदा सुरू केलेली फेरी मध्येच सोडता येत नाही. माणसं पाळ्या लावून रात्रंदिवस पडद्यावरचे आकडे वाचत बसतात.

अतिनील दुर्बिणीला आणखी एक भीती असते. निर्वातात गोंद, वायरीचं वेष्टण, प्लास्टिक यांतून रेणू सुटतात आणि थंड आरशावर बसतात. डोळ्याला न दिसणारा तो थर अतिनील प्रकाश गिळतो. म्हणून भाग आधीच निर्वातात तापवून घेतात, आणि टाकीत क्वार्ट्झचा स्फटिक ठेवतात. त्याच्यावर किंचितही मळ साचला की त्याचं कंपन बदलतं आणि मळाचं वजन कळतं.

तापमान आणि कंपन या दोन वेगळ्या परीक्षा वाटतात, पण हबल या अंतराळ दुर्बिणीने त्या एकत्र दाखवल्या. १९९० मध्ये वर गेलेल्या हबलचे सौर पंख दर वेळी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जाताना तापमानाच्या फरकाने वाकत आणि थरथरत. ती थरथर दुर्बिणीला जाणवे. शिवाय तिचा आरसा कडेला केसाच्या जाडीच्या अंशाने जास्त घासला गेला होता, कारण तो तपासणाऱ्या साधनाचंच एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. मोजणाऱ्या उपकरणाची परीक्षा कोण घेणार, हा प्रश्न तेव्हापासून प्रत्येक प्रयोगशाळेत विचारला जातो. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी हबलचे दोन्ही दोष दूर केले. ती फक्त काहीशे किलोमीटर वर होती, म्हणून ते जमलं.

आदित्य-एल१ २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून पीएसएलव्हीने निघालं. त्या दिवशी टाळ्या रॉकेटला मिळाल्या आणि त्या रास्तच होत्या. पण टेबलावर आणि टाकीत राबलेल्या माणसांचा निकाल पुढे लागायचा होता. नोव्हेंबरात ‘सूट’ सुरू झाली, डिसेंबरात तिची पहिली पूर्ण बिंबाची छायाचित्रं इस्रोने प्रसिद्ध केली, आणि ६ जानेवारी २०२४ ला यान त्या पंधरा लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत शिरलं. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी सूर्यावर एक्स ६.३ दर्जाची प्रचंड ज्वाळा उसळली, तेव्हा फिल्टरची चाकं फिरत होती, आरसे जागेवर होते, आणि ज्वाळेचा सूर्याच्या खालच्या वातावरणातला झगझगता गाभा जवळच्या अतिनील प्रकाशात टिपला गेला.