पन्नास किलोंचा हिशेब

पुण्यात गुलटेकडीच्या मार्केट यार्डात, भुसार बाजारात ट्रक रिकामा होताना नजर खिळते ती एकाच क्षणावर. हमाल फाळक्याकडे पाठ करून गुडघे जरा वाकवतो, वरचे दोघे पोतं सरकवतात, ते मानेखाली टेकतं आणि त्याच वेळी तो अर्धं पाऊल पुढे टाकतो. पुढचं चालणं, थप्पी लावणं नेहमीचंच. पोतं 50 किलोंचं. एके काळी ते 100 किलोंचं असे. निम्मं झालं ते हमालांनी संघटित होऊन भांडल्यामुळे. एवढं होऊनही या कामावर ‘अकुशल’ असा शिक्का मारला जातो. ते अर्धं पाऊल नीट पाहिलं तर हा शिक्का टिकत नाही.

स्नायूला ढकलता येत नाही, तो फक्त ओढतो. त्याच्या तंतूत दोन-अडीच मायक्रोमीटर लांबीचे कप्पे एकापुढे एक असतात आणि प्रत्येकात मायोसिनचे जाड व अ‍ॅक्टिनचे बारीक धागे. मेंदूचा आदेश मज्जातंतूतून पोचला की कॅल्शियम सुटतं आणि मायोसिनची टोकं अ‍ॅक्टिनला पकडून खेचतात. धागे स्वतः आखूड होत नाहीत, एकमेकांत सरकतात. 1954 साली दोन वेगवेगळ्या गटांनी ही कल्पना एकाच वेळी मांडली. पकड सोडवायलाही एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्ची पडतं. म्हणून पोतं घेऊन नुसतं उभं राहिलं तरी इंधन जळतं. शाळेतलं भौतिकशास्त्र याला शून्य कार्य म्हणतं, तो भाग वेगळा. आता तरफेचा हिशेब बघा. पाठीचे स्नायू कण्याच्या आसापासून जेमतेम 5 सेंटिमीटरवर ओढतात. तेच पोतं कमरेत वाकून, 30 सेंटिमीटर पुढे धरून उचललं, तर त्या स्नायूंना वजनाच्या सहापट, म्हणजे 300 किलोंइतका ताण द्यावा लागतो. धडाचं वजन वेगळंच. हमाल पोतं पुढून कवेत घेत नाही, पाठीवर घेतो, त्यामुळे हे अंतर एकदम घटतं. गुडघे वाकवल्याने भार मांड्यांच्या मोठ्या स्नायूंवर जातो, आणि अर्ध्या पावलाने वजनाचा तोल पुन्हा तळपायांवर येतो.

मग अडचण कुठे आहे? ‘त्यांना सवय असते’ असं गाळ्यावर सहज म्हटलं जातं, आणि ते अर्धं खरं आहे. भार पडला की तंतू जाड होतात, मज्जासंस्था एका वेळी जास्त तंतू कामाला लावायला शिकते. पण मणक्यांमधल्या चकत्यांना प्रौढ वयात स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. गुडघ्यातल्या कूर्चेचंही तेच. स्नायू काही आठवड्यांत ताकद कमावतो, या ऊती मात्र झिजतात आणि फारशा भरून येत नाहीत. सवय स्नायूला होते, कण्याला नाही. शिवाय तिशीनंतर दर दशकाला साधारण 3 ते 8 टक्के स्नायू कमी होत जातात. मेहनतीने ही घट लांबते, थांबत नाही. पोतं मात्र पंचविशीतल्या पोराला 50 किलोंचं आणि पंचावन्नच्या माणसालाही 50 किलोंचंच.

पोतं आणखी हलकं करण्यावरचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो बहुधा हमालच घेतील: पोतं 25 किलोंचं केलं तर खेपा दुप्पट होतील. बरोबर आहे. प्रत्येक खेपेला माणूस स्वतःचं वजनही वाहतो, त्यामुळे एकूण दमणूक वाढेल. पण दमणूक आणि इजा एक नव्हेत. दमलेला स्नायू रात्रीच्या झोपेने आणि भाकरीने सावरतो. फाटलेली चकती सावरेलच असं नाही. खेपा वाढतात त्यावर हातगाडी हा उपाय आहे, आणि हमाली पोत्यामागे न मोजता क्विंटलमागे मोजली तर मजुरीही बुडत नाही. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने आणि 1969 च्या माथाडी कायद्याने दर, हजेरी, भविष्य निर्वाह निधी हे विषय मार्गी लावले. वजनाचा विषय 50 वर येऊन थांबला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलो हा आकडा आहे, म्हणून 50 ला कोणी हरकतही घेत नाही. स्त्रिया आणि अल्पवयीन कामगारांसाठी त्याच शिफारशीत बरंच कमी वजन सुचवलं आहे. उतारवयाच्या पुरुषासाठी अशी वेगळी सूचना नाही. इकडे किराणा दुकानांत तांदळाच्या 25 आणि 30 किलोंच्या पिशव्या सर्रास मिळतात. म्हणजे हलकं पोतं भरता येतं, शिवता येतं आणि विकताही येतं.